तक्रारपेटीच्या दोन किल्ल्या

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सभागृहात, इयत्ता पाचवी ते दहावीची मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे पुढेमागे झालं ते थोडं नीट करून लिहिलं आहे. मुलांच्या प्रश्नांपैकी दोन शेवटी दिले आहेत.)



या व्याख्यानमालेत माझं नाव घातलं तेव्हा सचिवांची कल्पना होती की मी 'निवृत्तांसाठी गुंतवणूक' किंवा फार तर 'सायबर फसवणूक' यावर बोलेन. मी विषय कळवला, त्यावर दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, "काका, आनंदाचं वर्ष आहे. त्यात हे लैंगिक वगैरे…" 'लैंगिक' हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की शेजारी उभ्या असलेल्या इस्त्रीवाल्यालाही ऐकू गेला नसेल. मी त्यांना एवढंच म्हटलं, की २००० साली आपण सोसायटी नोंदवली तेव्हा खाली चिखलात सायकली चालवणारी पोरं आज स्वतः आई-बाप झाली आहेत. त्यांच्या पोरांशी बोलायला याहून चांगलं निमित्त कुठलं? सचिव तयार झाले. वेळ पाळायची, एवढी एक अट घातली. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला ही अट घालावी लागत नाही, पण असो.

मी डॉक्टर नाही, वकील नाही, समुपदेशकही नाही. ३६ वर्षं बँकेत काढली. निवृत्तीनंतर एका शिक्षणसंस्थेचे हिशेब बघायला आठवड्यातून दोन दिवस जातो. शाळेचं नाव सांगणार नाही, त्याचं कारण पुढे कळेल. तिथे या विषयाशी संबंध आला आणि मग मी कायदा मुळातून वाचून काढला. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही जुनी खोड.

मोठ्यांना ऑगस्ट २०२४ आठवत असेल. आपल्या डोंबिवलीपासून बदलापूर सहावं स्टेशन. तिथल्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा आरोप झाला. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, तासन्तास गाड्या बंद होत्या. आपल्यातले कितीतरी जण त्या दिवशी कल्याणला आणि ठाण्याला अडकले होते. त्या संतापाबद्दल सगळे बोलतात. मला मात्र त्याच्या आधीचे चार-पाच दिवस जास्त छळतात. कारण त्या चिमुरड्यांनी घरी सांगितलं होतं. त्या वयाच्या मुलांना जेवढे शब्द येतात तेवढ्यांत सांगितलं. घरच्यांनी ऐकलं, डॉक्टरकडे नेलं. म्हणजे सगळ्यांत अवघड काम पोरींनी आणि त्यांच्या घरच्यांनी केलं होतं. पुढे अडलं ते मोठ्यांच्या कचेऱ्यांत. पोलीस ठाण्यात पालकांना तासन्तास ताटकळावं लागलं. शाळेने कळवायचं ते कळवलं नाही म्हणून पुढे तिथल्या संबंधितांवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून या प्रकरणाची दखल घेतली.

म्हणून आज मी मुलांना दोन गोष्टी सांगणार आहे: काय ओळखायचं आणि कसं सांगायचं. आणि मागे बसलेल्यांना एक गोष्ट: मुलाने सांगितल्यावर ते आपल्यापाशी अडवून ठेवायचं नाही.

आता त्या शाळेकडे येतो. शाळेत तक्रारपेटी हवी, सखी सावित्री समिती हवी, असे शासनाचे आदेश बदलापूरच्या आधीपासून आहेत. समितीचा शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे. आमच्या शाळेतही पेटी होती. लाल रंगाची, पत्र्याची, मुख्याध्यापिकांच्या दाराला लागून, वर सीसीटीव्हीचा कॅमेरा आणि किल्ली शिपायाकडे. वर्षभरात त्यातून काय निघालं? चॉकलेटचे कागद आणि एक मोडका कर्कटक. अहवालात लिहिलं होतं, 'तक्रारी : निरंक.' 'निरंक' हा शब्द दिसला की मला उलट काळजी वाटते. ज्या शाखेत वर्षानुवर्षं कॅशमध्ये एका रुपयाचाही फरक पडत नाही, तिथे इन्स्पेक्टरने आधी जावं.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. यात कोणावर अविश्वास नसतो; एकट्या माणसाला मोहापासून आणि दबावापासून सांभाळायची ती रीत आहे. मी सुचवलं, पेटीलाही तसंच करा. जागा बदला. जिथे सगळी मुलं एरवीही थांबतात आणि कॅमेरा नाही अशा ठिकाणी, जिन्याच्या वळणावर लावा. दोन कुलपं लावा. एक किल्ली एका शिक्षिकेकडे आणि दुसरी पालक-शिक्षक संघातल्या एका आईकडे द्या. दर शुक्रवारी दोघींनी मिळून उघडायची, पानांना नंबर घातलेल्या वहीत नोंद करायची, दोघींनी सही करायची.

पहिल्या महिन्यात पंखा बंद आहे, कॅन्टीनचा वडा कच्चा असतो, अमुक सर फार मारतात अशा चिठ्ठ्या आल्या. एक होती, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही. ऐकायला किरकोळ वाटतं. पण चौकशी केल्यावर कळलं, की त्या मजल्यावरच्या मुली त्या कडीपायी सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. कडी सत्तर-ऐंशी रुपयांची.

दुसऱ्या महिन्यात एक चिठ्ठी आली. वहीचं फाडलेलं पान, डाव्या हाताने मुद्दाम वाकडं काढावं तसं अक्षर. एका मुलीचा चेहरा भलत्याच फोटोला जोडून काही मुलं ग्रुपवर फिरवत आहेत, एवढाच मजकूर. वर्ष सांगणार नाही, इयत्ता सांगणार नाही. अशा प्रकरणातल्या मुलाची किंवा मुलीची ओळख पटेल असं काही प्रसिद्ध करायला कायद्याने बंदी आहे. ही बंदी केवळ पेपरवाल्यांसाठी आहे असं समजू नका. आपल्या कट्ट्यावर, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तोंड आवरलं पाहिजे.

संस्थेची बैठक बसली. "पोरं आहेत, समज देऊ." "मुलीच्याच भल्यासाठी हे बाहेर जायला नको." आणि मग, जरा वेळाने, "प्रवेशाचे दिवस आहेत हो." बैठकीतलं खरं वाक्य हे तिसरं होतं. मुख्याध्यापिका बाई तोवर गप्प होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी कळवलं नाही तर कायद्यात मला एक वर्षापर्यंत कैद आहे. माझ्याबरोबर कोण येणार?" कोणी काही बोललं नाही. त्यांनी आधी मुलीच्या आई-वडिलांना बोलावून सगळं सांगितलं, आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी कळवलं. मी त्यांच्याबरोबर गेलो होतो.

पुढे काय झालं? महिला अधिकारी साध्या कपड्यांत मुलीच्या घरी आल्या आणि आईसमोर तिच्याशी बोलल्या. फोटो फिरवणारी मुलं अठराच्या आतली, त्यामुळे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं, त्यांचं समुपदेशन सुरू झालं. ज्यांच्या नावाने 'आयुष्याची राखरांगोळी होईल' म्हणून सगळे घाबरवत होते, ती मुलं आजही शिकत आहेत. आणि मुलगी त्याच शाळेत राहिली. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा प्रकरणात शाळा सोडते ती बहुधा मुलगीच. चिठ्ठी कोणी लिहिली हे आजवर कळलेलं नाही, कोणी शोधलंही नाही. ती त्या मुलीची नव्हती एवढं नक्की. कोणीतरी वर्गातल्याच मुलाने किंवा मुलीने ते पाहिलं, त्याला ते बरं वाटलं नाही, आणि त्याने लिहिलं.

मुलांनो, आता नीट ऐका. तुम्हाला शाळेत 'गुड टच, बॅड टच' शिकवलं आहे. चांगलं आहे, पण अपुरं आहे. एक तर सगळं काही स्पर्शानेच होत नाही. कोणी तुमच्यासमोर घाणेरडे हावभाव करतो, तुमच्या शरीरावरून शेरे मारतो, मोबाईलवर नको ते चित्र दाखवतो, तुमच्याकडे कपड्यांशिवायचा फोटो मागतो, सतत पाठलाग करतो, यात हात लागलेलाच नसतो. कायद्याच्या दृष्टीने हे सगळे गुन्हे आहेत. दुसरं म्हणजे, वाईट माणसाचा स्पर्श पहिल्या दिवशी वाईट वाटतोच असं नाही. तो आधी गुदगुल्या करतो, कॅडबरी आणतो, गेम खेळायला फोन देतो. मुलाला तो आवडायला लागतो. मग एक दिवस तो पुढची पायरी चढतो आणि मुलाला वाटतं, आपण त्याच्याकडून इतकं घेतलं, आता बोलायचं कुठल्या तोंडाने? बँकेत मोठी फसवणूक करणारेही पहिली दोन कर्जं वेळेवर फेडतात, विश्वास बसावा म्हणून.

मग ओळखायचं कसं? मला सगळ्यांत उपयोगी वाटते ती खूण म्हणजे गुपित. "आईला सांगू नकोस हं," असं कोणी मोठा माणूस म्हणाला, की थांबायचं. आईच्या वाढदिवसाचा केक लपवून ठेवणं हे गुपितच, पण ते संध्याकाळी सगळ्यांसमोर फुटणार असतं. जे कधीच फुटू द्यायचं नाही असं कोणी बजावतो, ते गुपित तुमचं नाही, त्याचं आहे. ते सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर नाही. दुसरी खूण, 'नको' म्हटल्यावर तो थांबला का? आणि तिसरी, तो तुम्हाला एकटं गाठतो का? गच्चीवर, क्लास सुटल्यावर, व्हॅनमध्ये सगळ्यांत शेवटी कोणाला सोडायचं तेव्हा.

हे मोठ्या माणसांचं झालं. आता तुमच्या-तुमच्यात काय चालतं त्याकडे येतो, कारण त्यावर घरात कोणीच बोलत नाही. मुलगे मुलग्यांची चड्डी खाली ओढतात. पायांच्या मधे मारायचा 'खेळ' चालतो. मुलीच्या ब्राचा पट्टा मागून ओढून सोडतात. वर्गातल्या मुलींना नंबर देऊन यादी फिरवतात. स्वच्छतागृहात वाकून बघतात, फोन वर धरून फोटो काढतात. (मागे कोणीतरी खाकरलं. माझं वय ७४ आहे, मी 'ब्रा' हा शब्द सभागृहात मुद्दाम बोललो. आपणच चोरून बोललो तर पोरं उघड कशी बोलणार?) हे सगळं झाल्यावर एक ठरलेलं वाक्य येतं: "गंमत केली रे." गंमत असेल तर ज्याची केली तोही हसला पाहिजे. चार जण हसत आहेत आणि एकाचा चेहरा उतरला आहे, तर ती गंमत नव्हे.

एक खुलासा पालकांसाठी. पाच-सहा वर्षांची दोन बरोबरीची मुलं एकमेकांचं शरीर कुतूहलाने बघत असली, तर तो गुन्हा नव्हे आणि त्यावर चापट मारायचं कारणही नाही. शांतपणे कपडे घाला, शरीराचा हा भाग आपला खासगी आहे असं सांगा, पुरे. पण एक मूल मोठं आणि दुसरं लहान असेल, जबरदस्ती असेल, धमकी असेल, सांगूनही तेच तेच होत असेल, किंवा मूल आपल्या वयाच्या मानाने भलतंच काही जाणत असेल, तर दुर्लक्ष करू नका. अशा मुलालाही मदतीची गरज असते. कदाचित त्याच्यावरच कोणी ते केलेलं असतं.

आणि शब्द शिकवा. आपल्या घरांत नाकाला नाक म्हणतात, कोपराला कोपर म्हणतात, आणि बेंबीच्या खाली उतरलं की 'शूची जागा', 'नुनू', 'शेम शेम'. लहान मूल घरी येऊन म्हणालं, "दादाने माझं शेम शेम केलं," तर ऐकणाऱ्या आजीला काय कळणार? लिंग, योनी, गुद्द्वार, स्तन हे मराठी शब्दकोशातले साधे शब्द आहेत. ते येत असलेलं मूल पोलिसांनाही नीट सांगू शकतं आणि डॉक्टरांनाही.

मुलग्यांबद्दल वेगळं बोललं पाहिजे. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हतं. जवळजवळ निम्म्या प्रकरणांत त्रास देणारा ओळखीतला, विश्वासातला होता. बहुतेक मुलांनी ते कोणाला सांगितलेलंच नव्हतं. आपण मुलीला सातच्या आत घरी बोलावतो आणि मुलग्याला कोणाबरोबरही ट्रेकला पाठवतो. पोक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात आलं. हा कायदा २०१२ साली १४ नोव्हेंबरला, बालदिनाच्या दिवशी लागू झाला.

आता सांगायचं कसं. आपल्या हाताची पाच बोटं बघा. प्रत्येक बोटावर एक मोठं माणूस ठरवा, ज्याला तुम्ही सांगू शकाल. आई, बाबा, आजी, आवडत्या बाई, मामी, शेजारच्या काकू, कोणीही. त्यातलं निदान एक घराबाहेरचं हवं, कारण कधीकधी त्रास घरातलाच असतो. पहिल्याने ऐकलं नाही, हसण्यावारी नेलं, तर दुसऱ्या बोटाकडे जायचं. ऐकेपर्यंत जायचं. सगळं एका दमात, ओळीने सांगता आलं पाहिजे असं नाही. "मला एक सांगायचंय, पण ओरडू नका," इथपासून सुरुवात केली तरी चालेल. बोलता येत नसेल तर लिहून द्या. उशीर झाला म्हणून गप्प बसू नका. सहा महिन्यांपूर्वीचं असलं तरी सांगा.

कोणीच नसेल तर १०९८. हा लहान मुलांसाठीचा फोन आहे. फुकट, चोवीस तास. १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून तो सुरू झाला आणि देशभर पसरला. आता सरकार चालवतं. नंबर पाठ करा. तुम्हाला क्रिकेटपटूंच्या धावा पाठ असतात, चार आकडे काय जड आहेत? धोका समोर उभा असेल तर ११२.

मोबाईलवर असं काही आलं तर घाबरून पुसून टाकू नका, आणि कोणालाही पुढे पाठवू नका. 'पुरावा म्हणून' सुद्धा नाही. हे पालकांनी जास्त लक्षात ठेवावं. "बघा आपल्या शाळेत काय चाललंय" म्हणत तो फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकणारे महाभाग असतात. लहान मुलांचं असं चित्र बाळगणं आणि पुढे पाठवणं याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ ला फार कडक निकाल दिला आहे. अकाउंटचं नाव, तारीख, वेळ कागदावर लिहून ठेवा आणि फोन पोलिसांना दाखवा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं.

आता पालकांकडे वळतो, आणि इथे माझी बँक कामाला येते. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत बँकांना एक नवं काम लागलं. मनी लाँडरिंगचा कायदा २००५ साली अमलात आला आणि संशयास्पद व्यवहारांचा अहवाल द्यायचा नियम आला. एखाद्या खात्यात वावगं दिसलं, की वर कळवायचं, तिथून ते दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे जातं. नवीन अधिकारी मला विचारायचे, "साहेब, गुन्हा झालाय याचा पुरावा कुठे आहे?" अरे, पुरावा शोधणं तुझं काम नाही! तुला वाजवी संशय आला ना? कळव. आणि खातेदाराला बोलावून "तुमच्यावर संशय आहे, खरं का हो?" असं विचारायचं नाही. तो सावध होईल, कागद नाहीसे करील.

पोक्सोच्या कलम १९ चं अगदी हेच म्हणणं आहे. गुन्हा झाल्याचं माहीत असेल, किंवा होईल अशी धास्ती असेल, तरी कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवायचं. कोणत्याही व्यक्तीने, म्हणजे शेजाऱ्याने, क्लास घेणाऱ्या ताईने, सोसायटीच्या सचिवाने. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. ही शिक्षा मुलांना लागू नाही, तेव्हा मुलांनो तुम्ही घाबरू नका. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर उलट कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात लिहिलं आहे. म्हणजे 'आधी आपण शहानिशा करू' हा जो आपला आवडता मार्ग, समिती नेमू, दोघांना समोरासमोर बसवू, सह्या घेऊ, तो बंद. मुलाला त्रास देणाऱ्यासमोर बसवून विचारणं म्हणजे खातेदाराला आधीच सावध करणं. शिवाय मूल पुन्हा घाबरतं, ते वेगळंच.

घरी मुलाने सांगितलं तर आपल्या तोंडून पहिलं वाक्य काय जातं? "तू तिथे गेलीसच कशाला?" "आधी का नाही सांगितलंस?" हे दोन प्रश्न आले की मूल कायमचं मिटतं. "बरं झालं सांगितलंस. तुझी चूक नाही," एवढं म्हणा. खोदून खोदून विचारू नका. पाच नातेवाइकांपुढे तेच तेच वदवून घेऊ नका. शारीरिक अत्याचार नुकताच झाला असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, सरळ रुग्णालयात जा. रुग्णालय सरकारी असो की खासगी, त्यांनी तातडीचे उपचार मोफत करायचेच आहेत, आणि त्यासाठी आधी पोलिसांचा कागद आणा असं म्हणता येत नाही. गुन्ह्याची जागा कुठल्याही हद्दीत असली तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार घेतली पाहिजे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा आहे. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं आहे. हे सगळं कागदावर आहे. प्रत्यक्षात अडतं, बदलापूरने दाखवलंच. म्हणून तर ते आपल्याला ठाऊक हवं. नियम ठाऊक असलेल्या ग्राहकाला काउंटरवरचा माणूस सहसा परत पाठवत नाही.

सोसायटीबद्दल बोललो नाही तर अर्धवट राहील. आपल्याकडे तीन विंग, ७२ बिऱ्हाडं. घरगुती क्लास पाच, व्हॅन चार, गच्ची तीन, आणि पंपाच्या खोलीला कुलूप अर्धा वेळ नसतं. इथे काही घडणार नाही असं मला कोणी सांगू नका. आणि घडलं तर पहिलं वाक्य काय येईल तेही मला ठाऊक आहे. "सोसायटीची बदनामी होईल." त्यामागचं न बोललेलं वाक्य, "फ्लॅटचे भाव पडतील." मी आयुष्यभर लोकांना घरकर्जं दिली, भावाचं महत्त्व मला कोणी शिकवू नये. पण पोराच्या गप्प बसण्यावर उभा राहिलेला भाव मला नको आहे.

भाषणानंतर मुलांनी चिठ्ठ्यांवर प्रश्न दिले. दोन इथे देतो.

पहिला एका मोठ्या मुलीचा असावा. "आजोबा, सांगितलं की घरचे माझाच मोबाईल काढून घेतात, क्लास बंद करतात, खाली खेळायला सोडत नाहीत. मग कोण सांगेल?"

या प्रश्नावर मी पालकांकडे बघितलं, पालकांनी जमिनीकडे. माझ्याकडे याचं गोड उत्तर नव्हतं. मी मुलीला म्हटलं, तू म्हणतेस ते खरं आहे, आणि ते चूक आहे. खबर देणाऱ्याचाच पगार कापला तर कुठली बँक चालेल? पालकांना म्हटलं, आज घरी जाऊन जेवताना एक वाक्य बोला: "तू काहीही येऊन सांगितलंस तरी तुझा फोन, तुझा क्लास, तुझं खेळणं बंद होणार नाही." आणि मग ते पाळा. क्लास बदलावा लागला तर तिला विचारून बदला. एक बाबा म्हणाले, "पण काळजी वाटते हो." वाटणारच. पण घरात बसवून ठेवलेली मुलगी पुढच्या वेळी सांगणार नाही, एवढाच फरक पडेल.

दुसरा एका मुलग्याचा. "माझ्या बेस्ट फ्रेंडने असं केलं असेल आणि मी सांगितलं, तर ती चहाडी नाही का?"

त्याला म्हटलं, मित्राने गृहपाठ उतरवला हे बाईंना सांगितलंस तर ती चहाडी. त्यात तुला फक्त तो ओरडा खाताना बघायचा असतो. इथे कोणाचं तरी रोज काहीतरी बिघडतंय आणि ते थांबवायचं आहे. मित्राचंही. त्याला आज, शाळेत असताना थांबवलं तर समुपदेशनावर भागेल. तो विशीचा झाल्यावर थांबवायला येतील ते पोलीस, आणि तेव्हा त्याला बाल न्याय मंडळ नसेल. ती चिठ्ठी डाव्या हाताने लिहिणारं पोर, कोण जाणे, त्यातल्याच एखाद्या मुलाचं दोस्त असेल.

सभेत ठरलं ते असं. १०९८ आणि ११२ हे आकडे तिन्ही लिफ्टमध्ये, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायचे. व्हॅनवाले आणि सोसायटीत काम करणारी माणसं यांची पोलीस पडताळणी सचिव पाहतील. आणि आपल्याकडेही एक पेटी लावायची. जागेवरून अर्धा तास वाद झाला. कार्यकारिणीला ती वॉचमनच्या केबिनजवळ हवी होती, 'लक्ष राहील' म्हणून. मुलांनी एकमुखाने नकार दिला. शेवटी ब विंगच्या तळमजल्यावर, वाचनालयाच्या कपाटाशेजारी जागा ठरली. तातडीचं काही असेल तर पेटीची वाट बघायची नाही, फोन करायचा. एक किल्ली अ विंगमधल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंकडे, दुसरी क विंगमधल्या तरुण वकील ताईंकडे. पेटी दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता उघडते. पानांना नंबर घातलेली वही मी स्वतः बांधून दिली आहे.